जेरी पिंटो यांना, एमच्या घरासाठी

प्रिय जेरी पिंटो,

स. न. वि. वि.

ज्यांच्या घरात कुणाला मानसिक आजार आहे अशा माणसांबरोबर बसून आम्ही पुस्तकं वाचतो. या कामात तुमच्या 'एम अँड द बिग हूम' या इंग्रजी कादंबरीइतकं दुसरं कुठलंच पुस्तक उपयोगी पडलं नाही. शांता गोखले यांनी ते 'एम आणि हूमराव' म्हणून मराठीत आणलं, त्यामुळे इंग्रजीला बिचकणाऱ्या मावश्या-काकूही त्यात रमतात. 'द हिंदू' दैनिकाचा साहित्य पुरस्कार, साहित्य अकादमी, विंडहॅम-कॅम्बेल हे सगळे पुरस्कार तुम्हाला मिळालेच. आमचे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत.

माहीमच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये बायपोलर आजार असलेली आई म्हणजे एम, बाप म्हणजे हूमराव, बहीण सुझन आणि गोष्ट सांगणारा मुलगा राहतात. मुलाचं नाव तुम्ही शेवटपर्यंत सांगत नाही. ही जागा रिकामी असल्यामुळे वाचणारा मुलगा किंवा मुलगी सहज तिथे जाऊन बसते. आणि मग ते पान येतं. तुझ्या जन्मानंतरच माझ्या आत काहीतरी ठिबकायला लागलं, असं एम त्या मुलाला सांगते. तुम्ही ते खोडून काढत नाही आणि त्याची समजूतही काढत नाही. अपराधीपणाचा इतका नेमका उगम आम्ही क्वचितच कुठे वाचला आहे.

आम्ही त्या पानावर थांबतो आणि वैद्यकीय बाजू सांगतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे बायपोलर आजारासाठी (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल नैराश्य) फार जोखमीचे असतात. संप्रेरकं झपाट्याने बदलतात, रात्रीची झोप तुटते, घराण्यात आजार असेल तर तो उफाळतो. काही बायकांचा पहिला झटका तेव्हाच येतो. यात बाळाने काही केलेलं नसतं. हे डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही पटत नाही. एमच्या तोंडचं ते वाक्य वाचल्यावर मात्र लोक आपणहून विचारतात, "मग माझ्यामुळे नाही ना?"

वाचण्याचा क्रम आम्ही बदलतो, त्याची माफी असावी. पुस्तक जे.जे. रुग्णालयाच्या वॉर्ड ३३ मध्ये, मनोरुग्णांच्या वॉर्डात, सुरू होतं. आम्ही आधी ऑफिसात नोकरी करणारी इमेल्डा (पुढची एम) आणि तिच्यावर जीव टाकणारा ऑगस्टीन (पुढचे हूमराव) वाचतो, त्यांच्या पत्रांसकट. आजारी माणूस आजाराआधी कोण होता हे घरच्यांनाच आठवेनासं होतं, म्हणून. वॉर्ड नंतर येतो. आत्महत्येच्या प्रयत्नांची पानं वाचायची असतील तर आदल्या बैठकीतच तसं सांगून ठेवतो, कुणाला उठून जायचं असेल तर दार उघडं असतं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहिलेला असतो आणि त्या पानांवर बैठक कधीही संपवत नाही. पुढची दहा-बारा पानं वाचूनच उठायचं.

दोन ठिकाणी गाडी हमखास अडते. एमची जीभ तिखट आणि चावट. लोक पोट धरून हसतात आणि मग एकदम गप्प होतात, कारण आजारी आईवर हसलो असं वाटतं. तिथे एवढंच दाखवायचं असतं की आधी तीच हसते आहे. दुसरी अडचण हूमरावांची. त्यांना संत ठरवलं की प्रत्येक नवरा आणि प्रत्येक लेक स्वतःला त्यांच्याशी ताडून पाहते आणि खचते. मग आम्ही त्यांची कामंच वाचून काढतो: नोकरी, घर, दवाखाना, पुन्हा नोकरी. कामांची वाटणी करता येते. संतपणाची येत नाही.

एमला घरच्यांना न विचारता विजेचे झटके देतात, ते प्रकरण सगळ्यात जड. तिथे आजचा कायदा सांगावाच लागतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला त्यात बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच हा कायदा धरून चालतो. आणि हेही आम्ही आवर्जून सांगतो की नीट भूल आणि संमती घेऊन केलेला हा उपचार तीव्र नैराश्यात जीव वाचवतो. कादंबरी वाचून कुणी तो नाकारू नये.

गोळ्यांचा विषय ओघाने निघतोच. बायपोलर आजारात मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातली त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी लागते. जुलाब-उलट्या, उन्हाळ्यात कमी पडलेलं पाणी, अचानक बंद केलेलं मीठ किंवा कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन, यातल्या कशानेही ती चढते. हात जास्तच थरथरले किंवा तोल जाऊ लागला तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. थायरॉइड आणि किडनीची तपासणी ठरलेल्या वेळी झालीच पाहिजे.

या कादंबरीनंतर वाचकांनी आपापल्या घरच्या हकिकती तुमच्यापाशी आणल्या आणि २०१६ मध्ये तुम्ही त्यांनाच लिहितं करून 'अ बुक ऑफ लाइट' काढलंत. आपली व्यथा सांगून झाल्यावर दुसऱ्यांना जागा करून देणारा कादंबरीकार विरळा.

तुमच्या 'मर्डर इन माहीम'मधला पीटर डिसूझा मुलगा समलिंगी असावा या संशयाने आतून पोखरला जातो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ अजून जिवंत असतानाचं, २०१७ चं हे पुस्तक आम्ही बापांना मुद्दाम देतो. आईबाप नसलेल्या युरीची 'द एज्युकेशन ऑफ युरी' ही तुमची कादंबरी कॉलेजातल्या मुलांना. पण खरं ऋण आणखी एक आहे. सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू', दया पवारांचं 'बलुतं', मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' ही पुस्तकं तुम्ही इंग्रजीत नेलीत. 'कोबाल्ट ब्लू'मधले एकाच माणसावर जीव लावून बसलेले भाऊ-बहीण तनय आणि अनुजा, आणि तो निघून गेल्यावर उरलेलं ते घर, हे आता परदेशात वाढलेल्या मराठी नातवंडांनाही वाचता येतं. आजी मराठीत वाचते, नात इंग्रजीत, आणि फोनवर दोघी त्याच पानाबद्दल बोलतात.

एम इतके प्रयत्न करते, पण तिचा शेवट आत्महत्येने होत नाही. हे ऐकून काहींना हायसं वाटतं, काहींना राग येतो. दोन्ही बोलून दाखवायला तुमच्या पुस्तकात जागा आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
एमचे मराठी वाचक