केळीच्या मळ्यातली ‘जादू’

कोलंबियन कादंबरीकार गार्सिया मार्केस यांच्यावरील आपल्याकडच्या लेखात ‘जादुई वास्तववाद’ (अद्भुत गोष्टी रोजच्या वास्तवासारख्या सांगण्याची शैली) हा शब्द अनेकदा आला, सिएनागा मात्र एकदाही नाही. कोलंबियातल्या या गावी डिसेंबर १९२८ मध्ये युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीच्या संपकरी केळीमजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. मजुरांचं मागणं काय, तर आठवड्याची सुट्टी आणि कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांऐवजी रोख मजुरी! मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरलने ४७ कबूल केले. इतर अंदाज हजारावर जातात.

मार्केस यांच्या १९६७ च्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ या कादंबरीत मृत तीन हजारांवर आहेत, प्रेतं आगगाडीतून समुद्राकडे नेली जातात आणि गावात कुणालाच काही घडल्याचं आठवत नाही. आकडा फुगवल्याचं मार्केस यांनी पुढे स्वतःच सांगितलं. गंमत म्हणजे, नंतर तोच तीन हजारांचा आकडा कोलंबियात इतिहास म्हणून सांगितला जाऊ लागला. सिएनागापासून फार दूर नसलेल्या आराकाताकात, आजोबांच्या घरी वाढलेल्या या लेखकाने हे सारं लहानपणीच ऐकलं होतं. त्यात जादू कुठे आहे, हे त्या लेखाच्या लेखकमहाशयांनी सांगावं.

– एक वाचक, सांगली