धुतलेल्या डब्यातली आमसुलं

काकू,

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण त्या रविवारी मला बोल लागले तेही चारचौघांतच. तुम्हाला समोर बसवून हे बोलता आलं नसतं. दोनदा वर आले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन, काही न बोलता खाली उतरले.

श्रावण आणि गणपती उरकले की नेरूळमधली माणसं माशांची वाटच बघत असतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. जून-जुलैची मासेमारीबंदी, मग श्रावण, मग गणपती. एवढे महिने तोंड आवरलेलं असतं. त्या रविवारी माझ्याकडे ४२ डब्यांची मागणी आली. ह्यांची नोकरी सुटल्याला तेव्हा तिसरा महिना चालू होता. इतके डबे मी एका वेळी कधीच केले नव्हते. पहाटे दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेले आणि बांगडा घेतला. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून मान मिळाला खरा, पण डब्याच्या हिशेबात बसतो तो बांगडाच. सोळा नारळ खवले, रस काढला, सगळं एका मोठ्या टोपात शिजवलं. शेवटी जाड रस घालून गॅस बंद केला, डबे भरले, झाकणं लावली आणि पाठवले.

दुपारी दोनच्या आत नऊ डबे भरलेले परत आले. झाकण उघडलं तर वर तेलाचा तवंग, खाली पांढऱ्या कण्या आणि मध्ये नुसतं पाणी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला. कुणी लिहिलं की घाटावरच्या बाईने सुक्या खोबऱ्याचं वाटण करावं, नारळाच्या रसाच्या वाटेला जाऊ नये. मी साताऱ्याकडची आहे. लग्न होईपर्यंत ओल्या नारळाचा रस काढतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. जे सासूबाईंच्या हाताखाली शिकले ते चार माणसांच्या पातेल्यापुरतं होतं, आणि त्या जाऊन आता सहा वर्षं झाली.

पैसे परत मागणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी पैसे मोजले होते, त्यांना नीट जेवण मिळायला हवं होतं. नऊच्या नऊ जणांचे पैसे मी त्याच संध्याकाळी दिले. पण डबा दारात ठेवून बेल वाजवून निघून जायचं, माणसाच्या तोंडाकडे बघायचंही नाही, हे मला लागलं.

पाचच्या सुमाराला वॉचमनदादा तुमचे दोन डबे घेऊन आले. तुमची-माझी ओळख ती काय? ग्रुपवरची जाहिरात वाचून तुम्ही दोन डबे सांगितले होते, बस. दहावा आणि अकरावा परत आला असंच मला वाटलं. हातात घेतले तर हलके. घासलेले, आतून-बाहेरून कोरडे पुसलेले. एकात मूठभर आमसुलं, चांगली काळीभोर, मऊ. दुसऱ्यात कागदाची पुडी आणि पुडीत तिरफळं, कोकणात माशाच्या कालवणात घालतात ती. चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता.

मी तशीच ओट्याखाली फरशीवर बसले. पुडी नाकाशी धरली आणि त्या वासाबरोबर दिवसभर आवरून धरलेलं रडू आलं. रिकामा डबा परत देऊ नये, त्यात साखरेचा का होईना एक चमचा घालून द्यावा, हे आईने मलाही शिकवलं आहे. पण ही रीत आपण ज्याचा पदार्थ गोड लागला त्याच्यासाठी पाळतो. तुम्ही ती फुटलेल्या कालवणासाठी पाळलीत. आणि न बोलता दोन गोष्टी सांगितल्यात, की आम्ही जेवलो, आणि बांगड्यात तिरफळ घालायचं राहिलं होतं.

रात्री माफी मागायला वर आले. तुम्ही पहिल्यांदा खुर्ची पुढे केलीत आणि मग म्हणालात, "रस फुटलो म्हणान चव खंय जाता गो?" ते वाक्य मी अजून मनात जपून ठेवलंय.

काकू, याच प्रश्नासाठी मी वर्षभर हिंडले होते. एका क्लासला साडेतीन हजार रुपये भरले. रस फुटतो कशाने, असं तिथे विचारलं तर उत्तर मिळालं, "हात बसला की जमेल." पुन्हा विचारलं तर कॉर्नफ्लोअर लावा, नाहीतर पॅकेटमधलं नारळाचं दूध घ्या. पॅकेटच्या दुधात ते फुटू नये म्हणून काहीबाही घातलेलं असतं, ते लवकर फुटत नाही, पण सासूबाईंची चव त्यात कुठून येणार? नात्यातल्या एकीने कृती दिली आणि त्यातली एक पायरी गाळून दिली, हे मला तुम्ही सांगितल्यावर कळलं. दिवाळे गावच्या मासेवाल्या मावशींनाही विचारलं होतं. त्या मात्र सरळ म्हणाल्या की आमच्या घरात चिंच नि आमचा मसाला, नारळाच्या रसाचं मला काय ठाऊक नाय. त्यांचा तो खरेपणा मला क्लासपेक्षा मोलाचा वाटला.

तुम्ही उत्तर दिलंत ते प्रश्नापासून सुरुवात करून. किती मोठा टोप? जाड रस घातलास तेव्हा वाफ किती होती? झाकण कधी लावलंस? तीन प्रश्नांत माझी चूक तुम्हाला सापडली होती. घरच्या पातेल्याचा गॅस बंद केला की ते लगेच निवायला लागतं. ४२ माणसांचा टोप निवत नाही. "गॅस बंद केलंस तरी टोप शिजवतच ऱ्हवता," तुम्ही म्हणालात. त्या उकळत्या टोपात मी जाड रस ओतला, आणि वर गरम डब्यांना झाकणं लावून त्याला आणखी अर्धा तास आतल्या आत शिजवला. पहिला, जाड रस उकळी यायच्या बऱ्याच आधी, साधारण ८० अंशांच्या पुढे गेला की फुटायला लागतो, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते थर्मामीटर न लावता, टोपावरच्या वाफेकडे बघून ओळखता.

मसाला आणि मासा दुसऱ्या-तिसऱ्या पातळ रसात शिजवायचा, त्याला उकळीचं भय नाही. आमसुलं त्यातच, आणि आंबटपणा उतरला की पाकळ्या काढून टाकायच्या. तिरफळातली काळी बी काढायची, साल नुसती ठेचायची, वाटायची नाही. मोठा टोप उतरवून कालवण तीन लहान टोपांत वाटून घ्यायचं, वाफ बसू द्यायची, तेव्हा कुठे जाड रस. तोही घातल्यावर पळी फिरवायची नाही, टोपाचे कान धरून गोल हलवायचा, म्हणजे बांगडाही मोडत नाही. हे सगळं तुम्ही एका बैठकीत सांगितलंत, काही राखून न ठेवता.

आपल्याकडे हातचं राखून शिकवणारी माणसं फार. कृती सांगतील आणि तिच्यातली नेमकी एक वस्तू पोटात ठेवतील, का तर दुसरीच्या हाताला आपल्यासारखी चव येऊ नये. दुसरीच्या हातची कढी चांगली झाली म्हणून आपली बिघडत नाही, एवढं साधं आहे हे. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून वेंगुर्ल्याच्या घरातली चव साताऱ्याच्या बाईच्या हातात येते. चांगुलपणा म्हणजे मोठं काही असतं असं मला पूर्वी वाटायचं. आता तो शब्द ऐकला की पुसून कोरडा केलेला स्टीलचा डबा दिसतो.

पुढच्या बुधवारी अठराच डबे होते. तुम्ही गुडघा दुखत असताना दोन मजले उतरून आलात आणि दाराशी उभ्या राहिलात. मी पळी तुमच्यापुढे केली. ती तुम्ही घेतली नाहीत. जाड रस माझ्याच हाताने पडला. डबे उघडे ठेवून आपण दोघी वाफ बसायची वाट बघत राहिलो, तुम्ही पाटावर आणि मी फरशीवर. एकही डबा परत आला नाही. त्या नऊ जणांतले पाच जण आता पुन्हा डबा घेतात, त्यांच्यापैकी एका वहिनींनी परवा डबा धुऊन पाठवला आणि आत दोन चिक्क्या होत्या.

तुमची आमसुलं दिवाळीपर्यंत पुरली. तिरफळांची पुडी संपली तरी तो कागद मी मसाल्याच्या डब्यात तळाशी घालून ठेवलाय, वास अजून गेलेला नाही.

येत्या रविवारी बांगडा आहे. तुमच्या दोन डब्यांत मीठ कमी घालते, डॉक्टरांनी सांगितलंय हे काकांनी मला सांगितलं. साडेबाराला पाठवेन. झाकण सैल असेल, निवल्यावर घट्ट करा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची डबेवाली