व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: आधी तपासणी, मग टोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड भागात गिटार वाजवणाऱ्या तरुणांचे बँड वाढत आहेत आणि त्यांच्यासोबत व्हॉल्व्हचे, म्हणजेच काचेच्या ट्यूबचे, गिटार अ‍ॅम्प्लिफायरही शहरात येत आहेत. बहुतेक सेकंडहँड, काही अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेले. दुरुस्तीच्या टेबलावर ठेवताक्षणी पहिली मागणी असते, "टोन सुधारून द्या, मॉडिफिकेशन करा." हा क्रमच उलटा आहे. आवाज मेल्यासारखा येतो तेव्हा सर्किट सहसा चांगलंच असतं. बिघडलेलं असतं ते त्याच्यापर्यंत पोचणारं व्होल्टेज, एखादा सुकलेला कंडेन्सर (वीज साठवणारा पार्ट) किंवा व्हॉल्व्हचा सैल पडलेला सॉकेट. अशा सेटवर नवे पार्ट चढवले की मूळ दोष झाकला जातो आणि पुढे स्पीकरला सिग्नल पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

सुरुवात जिवापासून. स्विच बंद करून प्लग काढला तरी डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये 300 ते 450 व्होल्ट डीसी शिल्लक राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ते उतरवू नयेत. 10 के (10,000 ओहम), 10 वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टन्सला इन्शुलेटेड क्लिपा लावून कंडेन्सर आणि चेसिस, म्हणजे सेटचा धातूचा सांगाडा, यांच्यामध्ये दहाएक सेकंद धरावा, मग मीटर 1000 व्होल्ट डीसी रेंजवर लावून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करावी. एक हात खिशात ठेवावा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा सेट कधीही वाजवू नये. स्पीकरचा लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर, व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्शुलेशन फुटतं.

आता वीज. आपल्याकडे नाममात्र पुरवठा 230 व्होल्ट. रात्री लोड उतरला की काही भागांत मीटर 245 दाखवतं. 220 व्होल्टसाठी गुंडाळलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर अशा वेळी व्हॉल्व्ह आतून तापवणारा 6.3 व्होल्टचा हीटर 7 व्होल्टवर जातो. मर्यादा साधारण दहा टक्के, म्हणजे 5.7 ते 6.9. व्हॉल्व्ह वेळेआधी मरतात, आवाज कडक होतो आणि मालक दोष व्हॉल्व्हच्या कंपनीला देतो. 12 एएक्स 7, म्हणजेच ईसीसी 83, या व्हॉल्व्हच्या 4 आणि 5 नंबरच्या पिना जिथे एकत्र जोडलेल्या असतात, तिथे त्या जोडापासून 9 नंबरपर्यंत एसी व्होल्टेज मोजलं की दोन मिनिटांत कळतं. जास्त असेल तर 12 व्होल्ट, 2 अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (12 व्होल्टची गुंडाळी) मेन पुरवठ्याशी उलट्या फेजमध्ये सिरीजला घालून 245 चे 233 करता येतात. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात असं काम जाणणारे ट्रान्सफॉर्मरवाले आहेत, त्यांच्याकडूनच करून घ्यावं. अमेरिकी सेटवर "120 व्होल्ट, 60 हर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर स्टेप-डाउनने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी मात्र 50 च राहते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. तासभर वाजवून त्यावर हात टिकतो का, ते पाहावं.

घरघर येते म्हणून प्लगची तिसरी पिन कापण्याची सवय सर्वांत वाईट. गिटारच्या तारा चेसिसला जोडलेल्या असतात, माइकची जाळी वेगळ्या अर्थिंगवर असते. मांडवात किंवा जुन्या वाड्यात, जिथे अर्थिंगचा भरवसा नसतो, गायक-गिटारवादकाचे ओठ माइकला लागले की झटका त्याच्या छातीतून जातो. कार्यक्रमाआधी तारा आणि माइकची जाळी यांच्यामधलं एसी व्होल्टेज मोजावं. दोन-चार व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलावल्याशिवाय वाजवू नये.

घरघरीचं मूळ मात्र कानानेही शोधता येतं. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेचा तिसरा फ्रेट दाबा, तो सूर 98 हर्ट्झचा असतो. घरघर जवळपास त्याच सुरात असेल तर ती 100 हर्ट्झची, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरच्या फिल्टर कंडेन्सरची. पंधरा-वीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतील तर सगळे बदलावेत, त्याच मायक्रोफॅरडचे, म्हणजे त्याच क्षमतेचे, आणि 450 च्या जागी 500 व्होल्ट मिळाले तर उत्तमच. घरघर त्याच्या खालच्या सप्तकात असेल तर ती 50 हर्ट्झची, आणि संशय हीटरची वायरिंग, अर्थ लूप (दोन वाटांनी जोडलं गेलेलं अर्थिंग) किंवा हीटर आणि कॅथोड (हीटरने तापणारा भाग) यांच्यात गळणारा व्हॉल्व्ह यांच्यावर. अशा वेळी सेट बंद करून इनपुटजवळचा पहिला प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्ह काढावा आणि पुन्हा चालू करावा. घरघर गेली तर दोष तिथे किंवा त्याच्या आधी. परदेशी माहितीत 60 आणि 120 चे आकडे असतात, ते इथे लागू नाहीत.

आपल्या पावसाळ्याचा एक खास दोष आहे. पॉट, म्हणजे आवाजाचं किंवा टोनचं बटण, फिरवताना खरखर आली की सगळे स्प्रे मारतात. स्प्रेने जात नसेल तर पॉटवर डीसी येतंय का ते बघा. येत असेल तर सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. हाच दोष स्पीकर चालवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) असला तर त्याची प्लेट लालभडक होते. पार्ट बसवलेले जुने काळे फायबर बोर्डही दमट हवेत ओल धरून थोडी वीज वाहू देतात, मग कोरड्या दिवसांत सेट ठणठणीत आणि श्रावणात आजारी.

एवढं निस्तरलं की टोनकडे वळावं, आणि सुरुवात सोल्डरिंग आयर्न न तापवता करावी. पहिल्या जागी 12 एएक्स 7 ऐवजी 12 एटी 7 किंवा 12 एवाय 7 लावून ऐका. अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) 100 वरून अनुक्रमे 60 आणि 44 वर येतो, आवाज उशिरा फाटतो, बोटांचा जोर जास्त ऐकू येतो. बास गढूळ वाटत असेल तर पहिल्या स्टेजचा कॅथोड कंडेन्सर पाहा. 1.5 के रेझिस्टन्सवर 25 मायक्रोफॅरड असेल तर गिटारचा सगळा खालचा भाग पूर्ण गेनने, म्हणजे पूर्ण वाढीने, पुढे जातो. त्या जागी 1 मायक्रोफॅरड टाकला की पूर्ण गेन सुमारे 200 हर्ट्झच्या वरच मिळतो आणि ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज फाटू लागल्यावर) स्वर सुटे होतात. 4.7 हा मधला मार्ग, बहुतेकांना तोच आवडतो. एका वेळी एकच पार्ट बदलावा आणि जुना डबीत जपून ठेवावा. महागड्या ब्रँडच्या कंडेन्सरवर हजारो रुपये घालू नयेत. व्हॅल्यू बदलल्याने जेवढा फरक पडतो, त्याच्या पासंगालाही ब्रँड पुरत नाही. पैसे घालायचेच तर स्पीकरवर घालावेत.

पॉवर व्हॉल्व्ह बदलले आणि सेट फिक्स्ड बायसचा (ग्रिडला वेगळं व्होल्टेज देणारा) असेल तर बायस, म्हणजे न वाजवता व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट, लावणं टाळू नये. कॅथोड आणि ग्राउंडमध्ये 1 ओहमचा रेझिस्टन्स घातला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. 6 एल 6 जीसी या पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा 30 वॅट. तिच्या सत्तर टक्के म्हणजे 21, प्लेटवर 430 व्होल्ट असतील तर सुमारे 49 मिलिअँपिअर. ईएल 34 या पॉवर व्हॉल्व्हची मर्यादा 25 वॅट, त्याच हिशोबाने 450 व्होल्टला 39 मिलिअँपिअर. हे वरचं टोक समजावं आणि मोजणी संध्याकाळी, ज्या व्होल्टेजवर वाजवायचंय त्याच व्होल्टेजवर करावी.

गिटारवादकांना आग्रहाची विनंती अशी की दुरुस्तीनंतर बिलासोबत एक चिठ्ठी मागा. त्यात मेनचं व्होल्टेज, हीटर, प्रत्येक व्हॉल्व्हची प्लेट आणि कॅथोड व्होल्टेज, बायस करंट आणि बदललेल्या पार्टच्या जुन्या-नव्या व्हॅल्यू असाव्यात. शहरातल्या दुरुस्ती करणाऱ्यांनीही ती न मागता द्यावी, कारण सेट पुढे कोणाच्याही टेबलावर गेला तरी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि ज्यांच्या माळ्यावर जुने व्हॉल्व्हचे रेडिओ पडून आहेत, त्यांनी ते भंगारात घालण्याआधी आतल्या काचेवर ईएल 84 किंवा ईसीसी 83 छापलंय का, ते जरूर पाहावं. टेस्टरवर चांगले निघाले तर ते लहान गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये थेट चालतात.

आपला,
एक अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती कारागीर, नाशिक