ट्रस्टमध्ये काय घालावे, काय नको

महोदय,

कौटुंबिक ट्रस्टच्या (कुटुंबासाठी मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवण्याच्या व्यवस्थेच्या) दस्ताला मालमत्तेची यादी जोडली की काम झाले, असे समजू नये. भारतीय न्यास अधिनियम, 1882 च्या कलम 5 नुसार स्थावर मालमत्तेला नोंदणीकृत दस्त किंवा मृत्युपत्र लागते. जंगम मालमत्ताही विश्वस्तांकडे वर्ग करावी लागते. नाहीतर मालकी जुन्याच नावावर राहते आणि मुलांना वारसदाखल्याच्या खेपा चुकत नाहीत.

सुरुवात शेअरपासून करावी: विश्वस्तांच्या नावे डिमॅट उघडून डीआयएस स्लिपवर (शेअर दुसऱ्या खात्यात वळवण्याच्या सूचनापत्रावर) ते वर्ग होतात. मुदत ठेव मुदतीआधी मोडू नका, व्याज कापले जाते. संपली की ट्रस्टच्या खात्यातून नवी ठेवा.

फ्लॅटबाबत मात्र आधी हिशेब मांडा. महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. ही सवलत ट्रस्टच्या दस्ताला गृहीत धरू नका, शुल्क बाजारमूल्यावर लाखांत जाऊ शकते. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्या. सोसायटीच्या भाग दाखल्यावरचे (शेअर सर्टिफिकेटवरचे) नावही बदलून घ्या.

पीपीएफ ट्रस्टच्या नावे होतच नाही, तिथे नामनिर्देशन तपासा. वडिलोपार्जित मालमत्तेत स्वतःच्या हिश्श्यापलीकडचे काही देता येत नाही. शेतजमिनीला हात लावण्यापूर्वी कूळ कायद्याचे कलम 63 (शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाण्यावर बंधन घालणारे) वकिलाकडून समजून घ्याच.

एक वाचक, ठाणे