येळवसेचा पहिला घास रानाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या आमच्या येळवसेला, सगळे रानात गेल्याने ओस पडलेल्या लातूर शहराचे छायाचित्र आपल्या अंकात पाहिले. त्याखाली 'वनभोजनाचा सण' असे छापले होते. ते मनाला लागले, म्हणून लिहिते.

येळवसेला जेवण मोठे असते, हे खरे. आदल्या रात्री चूल विझतच नाही. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा आणि मिळतील त्या भाज्या बेसन-चिंचेत शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. पण हे सारे डोक्यावर घेऊन निघायचे ते आधी रानाला वाढायला. कडब्याच्या कोपीत, म्हणजे रानातल्या खोपटात, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. पूजा झाली की घरातला एकजण आंबील शिंपडत पिकाभोवती फिरतो. तो परत येईपर्यंत लहान पोरसुद्धा तोंडात घास घालत नाही. बीदर-कलबुर्गीकडची एळ्ळ अमावस्या ती हीच.

माझे माहेर औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचे घर पडले, आजोबा गेले. जानेवारीत येळवस आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. सुतकाचे वर्ष, सण कसला, असे सगळेच म्हणत होते. आज्जीने मात्र आंबील घुसळायला घेतली. "रानानं काय केलंय आपलं? त्याला उपाशी ठिवायचं का?" एवढेच ती बोलली. कुंकू पुसलेल्या कपाळाने ती रानात गेली. आमच्या पिकाभोवती फिरून झाल्यावर ती बांध ओलांडून शेजारच्या रानात शिरली. त्या घरातली सगळी माणसे गेली होती, एक मुलगा तेवढा मामाकडे होता म्हणून वाचला होता. पेरलेलेच नव्हते तिथे, नुसती काळी ढेकळे. तिने त्या ढेकळांवरही आंबील शिंपडली. मी तिच्या मागे तांब्या धरून चालत होते. देवावर श्रद्धा म्हणजे काय असे कुणी विचारले की मला ती ढेकळे आठवतात.

पुढे वडिलांच्या आजारपणात आमचे रान विकावे लागले. आज आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. तरी दरवर्षी चार दिवस आधी त्याच शेजारच्या दादांचा फोन येतो, "ताई, येलालाव नव्हं?" मग पुण्यात आम्ही दोघे रजा टाकतो. लातूर-धाराशिवला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, पुण्यात ती कुठून मिळणार! मुलांची शाळा बुडते, ती मी खुशाल बुडवते. रात्रीची लातूर एक्स्प्रेस, गारठ्यात कुर्डुवाडीचा चहा, सकाळी लातूर, पुढे जीप. माझे यजमान सातारचे. पहिल्या वर्षी ते संकोचले होते, परक्याच्या रानात कसे जेवायचे म्हणून. आता अंधार पडताना पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, घेऊन शिवारात पळणाऱ्या पोरांत तेही असतात.

म्हणून हा केवळ शेतकऱ्यांचा सण नाही. कोपीवर रानमालक, सालगडी, शहरातले पाहुणे आणि वाटेने जाणारा अनोळखी माणूस एकाच पंगतीला बसतात. पुण्या-मुंबईत राहून रान बटईने, म्हणजे वाट्याने कसायला, दिलेल्या माझ्या जिल्ह्यातल्या मंडळींना हात जोडून सांगते: त्या दिवशी या, आपल्या रानात कोप उभी करा. ज्वारी कमी झाल्याने कडबा मिळत नसेल तर उसाच्या पाचटाची करा. ज्यांचे रान नाही त्यांना स्वतः जाऊन बोलवा.

एक गोष्ट रागाने लिहिते. गेल्या वर्षी निघताना माझ्या लेकीने हरभऱ्याच्या सरीतून नऊ थर्माकोलच्या ताटल्या वेचल्या. राज्यात २०१८ पासून त्यांना बंदी आहे. घरून स्टीलचे ताट आणा, नाहीतर पळसाची पत्रावळ घ्या. जिथे आंबील शिंपडली, तिथे उष्टी ताटली टाकवते कशी?

आपली,
एक वाचक, पुणे
(माहेर : औसा तालुका, जि. लातूर)