दिल्लीत दीड दिवस

सातारा

प्रिय दिनूस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे; नानांचे गुडघे थंडीमुळे दुखतात, तेवढेच. पत्र लिहायला बसण्याचे कारण असे, की काल रात्री जेवणे आटोपल्यावर नानांनी दिनदर्शिकेच्या पानामागे दिल्लीत पाहायच्या ठिकाणांची यादी केली आणि सर्वांत वर, ठसठशीत अक्षरांत, ‘तालकटोरा’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मला मात्र तुझी आठवण झाली.

भाचीचे लग्न शनिवारी करोल बागेत आहे. रविवार मोकळा आहे, आणि सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस पकडायची आहे. एवढ्या वेळात काय पाहावे आणि काय सोडावे, याचा घोर मला लागून राहिला आहे. नाना पुन्हा दिल्लीला येतील असे वाटत नाही, त्यामुळे जे सुटेल ते कायमचे सुटेल.

महाविद्यालयाच्या सहलीत आपण एका दिवसात दिल्ली उरकली होती ती तुला आठवत असेलच. बिर्ला मंदिर, राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार, लोटस टेंपल, सगळे झाले आणि लाल किल्ल्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला. तू दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून छताकडे पाहत उभा होतास, बसचा भोंगा वाजत होता आणि सर तुझ्या नावाने हाका मारत होते. त्या रात्री परतीच्या गाडीत आपले भांडण जुंपले. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी त्या छताची चांदी उतरवली ही मराठ्यांना न शोभणारी गोष्ट होती, असे तुझे म्हणणे. पावसाळ्यात अडकलेल्या, खजिना रिकामा असलेल्या फौजेला पगार कुठून द्यायचा, असे माझे. भुसावळ आले तरी आपण थांबलो नव्हतो आणि वरच्या बाकावरच्या गृहस्थांनी, ‘पोरांनो, पानिपत होऊन गेले, आता झोपा’ असे सांगितले होते. माझे मत आजही बदललेले नाही. तुझेही बदलले नसणार.

म्हणून या खेपेस रविवारची सकाळ संपूर्ण लाल किल्ल्याला द्यायची, असे मी ठरवले आहे. सोमवारी किल्ला बंद असतो, त्यामुळे रविवारची गर्दी सोसणे भाग आहे. लाहोरी दरवाजातून छत्ता चौकात जायचे, नौबतखान्यापाशी नानांना पहिली विश्रांती द्यायची आणि मग सावकाश दिवाण-ए-आम, रंगमहाल, दिवाण-ए-खास. आज तिथे दिसते ते रंगवलेले लाकडी छत आहे, ते मी त्यांना सांगेन. १७८८ साली रोहिला सरदार गुलाम कादरने शाह आलम बादशहाचे डोळे काढले ते याच किल्ल्यात, आणि त्यानंतर महादजी शिंद्यांच्या फौजेने किल्ला ताब्यात घेतला तो १८०३ पर्यंत मराठ्यांकडेच राहिला. पंधरा वर्षांच्या त्या पहाऱ्याची खूण आज किल्ल्यात शोधूनही सापडत नाही, कारण १८५७ नंतर इंग्रजांनी आतल्या बहुतेक इमारती पाडून तिथे बराकी बांधल्या. त्या मोकळ्या हिरवळीवरही मला थांबायचे आहे. जे पाडले गेले ते कुठे होते, हे नानांना उमगले पाहिजे.

हिला कुतुबमिनार पाहायचा आहे. ‘दिल्लीला जाऊन कुतुब पाहिला नाही हे सांगायचे कोणत्या तोंडाने?’ असे ती म्हणते, आणि तिचे चुकीचे नाही. पण तो मेहरौलीत, शहराच्या पार दक्षिणेला आहे, आणि १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून मिनारावर कोणाला चढूही देत नाहीत. तिथला लोहस्तंभ सुटतो याचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. सोमवारी सकाळी त्याऐवजी हुमायूनची कबर पाहावी असे मी सुचवले आहे, कारण ती निजामुद्दीन स्थानकाच्या जवळ आहे आणि सामानासह थेट गाडीला जाता येईल. शिवाय १८५७ साली बहादूरशाह जफरला इंग्रजांनी पकडले ते याच ठिकाणी. रविवारी किल्ला पाहिलेल्या माणसाला सोमवारी त्या गोष्टीचा शेवट पाहायला मिळेल. वर चौथऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आहेत. नानांना त्या झेपल्या नाहीत तर बागेतून घुमट दिसतोच, तेवढ्यावर ते समाधान मानतील.

खरी अडचण आहे ती तालकटोऱ्याची. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले आणि त्यांनी बादशाही फौजेला त्या बाजूला पिटाळून लावले, ही हकीकत नाना आम्हाला लहानपणी अंगणात झोपवताना सांगत असत, आणि चिमाजीअप्पांना गेलेल्या पत्राचा उल्लेख आला की त्यांचा आवाज चढत असे. पण आज तिथे बगीचा आणि स्टेडियम आहे. रणांगण म्हणून दाखवावे असे काय दाखवू? हिचे म्हणणे, तो वेळ कुतुबला द्यावा. मला मात्र वाटते, की ज्या जागेसाठी त्यांनी दोन रेघा ओढल्या ती जागा, रिकामी असली तरी, त्यांना दाखवलीच पाहिजे. तिथे काय दिसणार आणि काय नाही, ते आधी सांगावे की तिथे पोहोचल्यावर, एवढेच मला ठरवता येत नाही. तू २०२५ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलनासाठी तिथेच होतास. म्हणून हा सारा खटाटोप तुझ्यापुढे मांडतो आहे.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाले हे ऐकून बरे वाटले. धाकटीला नोकरी लागली, तिला माझे अनेक आशीर्वाद. घराच्या रंगाचे काम संपले का?

आता एवढे कर. बगीच्याच्या कोणत्या दारापाशी गाडी थांबते, आत बसायला बाके आहेत का आणि नानांना फार चालावे लागेल का, ते शुक्रवारच्या आत फोन करून सांग. आणि तू नानांच्या जागी असतास तर तुला आधी सांगितलेले आवडले असते का, तेही सांग.

तुझा,
मधू