निर्दोष, पण पुराव्याअभावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शेवटच्या पानावर 'पुराव्याअभावी निर्दोष' असा ठळक मथळा आहे. बातमीतल्या गृहस्थांना मी ओळखत नाही, त्यांनी काय केलं न केलं हेही मला ठाऊक नाही. निर्दोष लिहायचं तर खुशाल लिहा. मग 'पुराव्याअभावी'चं शेपूट कशाला? वाचणारा काय समजतो ते सांगू? केलंय यानेच, सापडला नाही इतकंच.

हे शेपूट मी 2005 पासून वागवतो आहे. कलिन्यातल्या आमच्या सोसायटीचा तेव्हा मी खजिनदार होतो. ऑफिस तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून. 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि गोदरेजचं कपाट वरच्या फळीपर्यंत बुडालं. व्हाउचर, पावतीपुस्तकं, कॅशबुक, सगळ्याचा लगदा. तो आम्ही फावड्याने उपसला. पुढच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने विचारलं, टाकीच्या दुरुस्तीचे 14,300 रुपये कुठे गेले? पैसे गेले कंत्राटदाराला, पावती गेली मिठी नदीला! कंत्राटदार तोवर काम सोडून गावी गेला होता. तीन जणांची चौकशी समिती बसली आणि इतिवृत्तात वाक्य आलं, 'पुराव्याअभावी आरोप सिद्ध होऊ शकला नाही.' अहो, पुराव्याअभावी मलाही काही सिद्ध करता आलं नाही, ते कोण लिहिणार? त्या वर्षापासून गणपतीच्या वर्गणीचा डबा आमच्या घरी आला नाही. 'काका, तुम्हाला कशाला उगाच त्रास' म्हणून.

1872च्या पुरावा कायद्यात यासाठी तीन वेगळ्या व्याख्या होत्या. शाबीत, खोटं शाबीत, आणि या दोन्हींत न बसणारं ते शाबीत न झालेलं. जुलै 2024पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, व्याख्या त्याच राहिल्या. गंमत म्हणजे शाबीत म्हणजे शंभर टक्के खरं, असं कायदाही म्हणत नाही. विचारी माणूस जे धरून चालेल इतपत संभवनीय असलं तरी त्याला पुरतं. आणि फौजदारी खटल्यात आरोप शाबीत झाला नाही तर माणूस सुटतो तो पुरता सुटतो, पाव-अर्धा नाही. रात्रपाळीच्या उपसंपादकांना घाई असते हे मान्य, पण एक शब्द गाळायला वेळ कमीच लागला असता.

त्याच अंकात 'हवामान खात्याचा अंदाज पुन्हा चुकला' अशी थट्टाही आहे. खात्याने 'तुरळक ठिकाणी' म्हटलं होतं, आणि त्यांच्या हिशेबात तुरळक म्हणजे फार तर 25 टक्के केंद्रांवर. तुमच्या कचेरीवर सर आली नाही म्हणून अंदाज खोटा? त्या 26 जुलैलाही कुलाब्याला 73.4 मिलिमीटरच पडला होता. राशिभविष्यात मात्र आपण बिनदिक्कत 'धनलाभ निश्चित' छापता. मी कन्या राशीचा. आमच्याकडे अजून 14,300चीच चर्चा चालू आहे.

मथळ्याची दुरुस्ती छापणार असाल तर शेवटच्या पानावरच छापावी, आतल्या पानात निविदा-सूचनांच्या खाली नको.

आपला,
एक जुना वाचक (माजी खजिनदार),
कलिना, सांताक्रूझ (पूर्व)